एरंडेलाचा हात

४ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

तुझं पत्र काल पोचलं. पाकीट आधीच फोडून पुन्हा चिकटवलेलं होतं. म्हणजे तुमच्या फाटकावरच्यांनी वाचलं, मग मामीने वाचलं, आणि पार शिळं झाल्यावर माझ्या हाती पडलं. उड्डाण होईपर्यंत दोन महिने फोन फाटकावर जमा, बाहेर जायचं नाही, असं लिहितेस. मला त्याचं नवल नाही. इंधनाच्या ओतशाळेत मी एकतीस वर्षं काढली ती अशाच फाटकांच्या आत.

मामी म्हणाली, "पोरगी नक्की करते काय ते मला एकदा सरळ सांगा." मी सांगितलं. अवकाशातून माणूस घेऊन कुपी खाली येते ती इतक्या वेगाने, की तिच्यापुढची हवा पेटते. पेटलेल्या हवेतून इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि कुपीभोवती त्यांचा घोळका जमतो. त्या घोळक्यातून रेडिओचा आवाज ना आत जातो, ना बाहेर येतो. चार मिनिटं आतला माणूस जगाला मुका आणि बहिरा. आपली भिंगरी घन इंधनाची छोटी नळकांडी ओतते. ती ऐन वेळी पेटतात, त्यातून वायू सुटतो, आणि त्या वायूत असं काही असतं की ते सुट्या इलेक्ट्रॉनांना पकडून बसतं. शाळा सुटल्यावर रस्ता पोरांनी भरतो ना, मग एकेकाची आई येऊन आपापलं पोर बखोटीला धरून नेते आणि रस्ता मोकळा होतो, तसं. आवाजाला वाट मिळते.

मामी म्हणाली, "मग हे इतकं अवघड करून का सांगत होतात आजवर?"

आता तुझ्या रडगाण्याकडे येतो. मिश्रण घट्ट झाल्यावर साच्याच्या मधला दांडा निघत नाही, ओढला तर आतलं अंग सोलवटतं, आणि दांड्याला मारायचा तुमचा तो फवारा संपलाय, नवा यायला महिना आहे. अगं, आमच्याकडे फवारा होता कुठे? दांडा उन्हात धरल्यासारखा कोमट करायचा, तळव्यावर चमचाभर एरंडेल घ्यायचं आणि वरून खाली एकदाच हात फिरवायचा. परत परत नाही. ओघळ दिसता कामा नये, नुसती चमक दिसली पाहिजे. सात हजार दांडे काढले मी असे, एक अडकला नाही. हे कुठल्या पुस्तकात सापडायचं नाही तुला, आणि तुमच्या बाईंना विचारत बसू नकोस. शिकलेली माणसं एरंडेल म्हटलं की नाक मुरडतात.

तुझ्या आईची, म्हणजे आमच्या आक्काची, गुडघेदुखी तशीच आहे आणि तिचा आवाजही.

तुझा,
मामा

०

१७ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तुमच्या तळव्याला साष्टांग नमस्कार!

दांडा लोण्यातून सुरी निघावी तसा निघाला. चार नळकांडी ओतली, चारही आतून आरशासारखी. बाईंनी (म्हणजे आमच्या विभागप्रमुख, त्यांना इथे सगळेच नुसतं "बाई" म्हणतात) दिवा आत घालून पाहिलं आणि म्हणाल्या, "हात बसला तुझा." बाई असं वर्षातून एकदा म्हणतात. मी एरंडेलाचं बोलले नाही. तुम्हीच सांगितलंत ना.

तेल लावायच्या आधी एक ओतलं होतं, त्याच्या आत दांडा ओढताना बारीक ओरखडा उठला होता. बाईंनी निवाडा केला: देखणी चार उड्डाणाला, ओरखड्याचं चाचणीला. परवा ते चाचणीच्या ओट्यावर पेटवलं. अगदी ठरल्या क्षणी पेटलं, ठरलं तेवढं जळलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मी चारही देखण्यांच्या कागदावर सही केली. सही करताना पेन दोनदा झटकावं लागलं, शाईच उतरेना.

आणि मामा, काल वैमानिक आला होता. मागच्या उड्डाणात आत बसलेला तोच. त्या खेपेला चार मिनिटं कुणाचाच आवाज पोचला नाही, दिशा सुधारायला सांगता आलं नाही, आणि कुपी भलत्याच डोंगरात जाऊन आदळली, ते तुम्ही वर्तमानपत्रात वाचलंच असेल. तीन बरगड्या मोडल्या होत्या त्याच्या. मला वाटलं होतं कुणी धिप्पाड असेल. माझ्याएवढाच आहे. चारी नळकांड्यांना ओळीने हात लावून म्हणाला, "यातली माझ्यावर रागावलेली कुठली?"

मी म्हटलं, "एकही नाही."

"बघा हं. गप्प बसायला माझी हरकत नाही, घरी सवय आहे. पण दीड मिनिट तरी खालून कुणीतरी सांगत राहायला हवं, डावीकडे, अजून डावीकडे, बास. आतून मला काही दिसत नाही. खिडकीबाहेर नुसता जाळ असतो."

हसत हसतच म्हणाला.

एक बारीकशी गोष्ट. आज झाकण बसवण्याआधी आत बोट फिरवलं तर किंचित चिकट लागलं. तेलच राहिलं असणार. पुसून घेतलं. तुमच्याकडेही असं व्हायचं का?

भिंगरी

०

२४ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

पत्र वाचून आनंद झाला. बाईंनी शाबासकी दिली हे आक्काला वाचून दाखवलं, तिने शेजारी सांगितलं, आता चौकातला वाणीसुद्धा तुझी चौकशी करतो.

मी आपला रिकामा माणूस, म्हणून सहज विचारतो. ते चिकट म्हणालीस ते कसं चिकट? तेलाचं बोट निसरडं लागतं. की बोट उचलताना जरा धरून ठेवल्यासारखं वाटलं? पुसलेल्या फडक्याला काही रंग आला का? आणि तुमच्या मिश्रणात दाणे बांधून ठेवायला हल्ली काय घालतात? आमच्या वेळचं आता कुणी वापरत नाही असं ऐकतो. म्हाताऱ्याची हौस म्हणून विचारलं, दुसरं काही नाही. पण उत्तर लगेच टाक.

मामी म्हणते आहे की मी दोन दिवस चहात साखर घालायची विसरतो आणि तसाच पितो. तिच्याकडे लक्ष देऊ नकोस.

मामा

०

४ मार्च

प्रिय मामा,

तुमचं पत्र फाटकावर पाच दिवस पडून होतं. तुम्ही मिश्रणाचं विचारलंत म्हणून वर पाठवलं म्हणे, मग वरच्यांनी "घरगुती" असा शेरा मारून खाली पाठवलं.

आमच्याकडे रबर असतं, काकवीसारखं पातळ, आणि त्यात हार्डनर. हार्डनर रबराच्या साखळ्यांचे हात एकमेकांत गुंफतो आणि आठवडाभर उबेत ठेवलं की सगळं खोडरबरासारखं होतं. एवढं तर मी तुम्हाला मागेही सांगितलं होतं. बोट धरून ठेवल्यासारखंच वाटलं होतं, हो. फडकं करडं झालं होतं.

मामा, एक विचारू? तुम्हीसुद्धा मला तपासताय का? इथे दिवसभर तपासणारेच आहेत. वाटलं होतं, निदान तुमच्या पत्रात तरी शाबासकीच्या खाली प्रश्नांची यादी नसेल. माझा हात बसलाय असं बाई म्हणाल्या ते तुम्हाला खोटं वाटतं का?

आणि आता पाहताही येणार नाही. नळकांडी झाकणं लावून मोहोरबंद झाली आणि परवा कुपीत बसली. उड्डाण २२ तारखेला.

भिंगरी

०

११ मार्च

भिंगरी,

आधी हे: फाटकावर जो कोणी हे पत्र वाचत असेल त्याला हात जोडून सांगतो. बाबा, हे वर पाठवू नकोस, अडवू नकोस. धावत जाऊन पोरीच्या हातात दे. यात गुपित काही नाही, एका म्हाताऱ्याची चूक आहे.

भिंगरी, चूक तुझ्या हाताची नाही. माझ्या एरंडेलाची आहे.

तुझं पत्र आल्याबरोबर मी आमच्या जुन्या मास्तरांकडे गेलो. ते ओतशाळेत रसायनं तपासायचे. आता डोळ्यांनी अधू आहेत, पण डोकं लख्ख आहे. मी म्हटलं, रबर आणि हार्डनर. ते म्हणाले, "आणि?" मी म्हटलं, दांड्याला एरंडेल. ते खुर्चीतून उठूनच उभे राहिले. आमच्या जुन्या मिश्रणाला एरंडेलाचं काही सोयरसुतक नव्हतं. तुमच्या हार्डनरला मात्र रबर आणि एरंडेल यातला भेद कळत नाही. जो आधी हात पुढे करील त्याचा हात तो धरतो. दांड्याला लागून जेवढं मिश्रण होतं, तिथला हार्डनर एरंडेलाने पळवला आणि तिथलं रबर कच्चं राहिलं. तू पुसलंस ते तेल नव्हतं, कच्चं इंधन होतं. आत आणखी किती खोल कच्चं आहे ते कापल्याशिवाय कळायचं नाही. कुपी हादरली की ते ओघळेल, दांड्याने राखलेली मधली वाट बुजेल. मग वायू वेळेवर यायचा नाही, किंवा यायचाच नाही.

आणि चाचणीला गेलं ते एकटंच बिनतेलाचं होतं. ओरखडा होता ते शहाणं, देखणी ती चार कच्ची.

"चिकट" हा शब्द वाचला तेव्हाच मला शंका आली होती. तेव्हाच सरळ लिहायला हवं होतं. पण मला वाटलं, आधी खात्री करू, उगाच पोरीला का घाबरवा. खरं सांगायचं तर सात हजार दांड्यांचा तोरा मिरवून झाला होता, तो उतरवायला जीव होईना. त्यात पंधरा दिवस गेले.

काल फोन केला होता. तुमच्या फाटकावरचा म्हणाला, निरोप सांगा. मी म्हटलं, भिंगरीला सांगा, एरंडेल लावायला नको होतं. तो म्हणाला, "आजोबा, पोट बिघडलं असेल तर इथे दवाखाना आहे." आणि ठेवून दिला.

म्हणून जलद टपालाने हे पाठवतो. पत्र हातात पडेल तशी बाईंकडे जा. सगळं सांग. माझं नाव सांग, माझ्या सांगण्यावरून केलं असं सांग. तुझी नोकरी जाईल, असं मनात येईल. माझ्याही आलं. पण तो माणूस तुला "बघा हं" म्हणून गेलाय.

मामा

०

१८ मार्च

भिंगरी,

उत्तर नाही. उड्डाणाला चार दिवस राहिले.

टपालवाला गल्लीच्या तोंडाशी दिसला की मी दारात जातो, आणि तो लांबूनच मान हलवतो. आक्काला काही सांगितलेलं नाही. ती विचारते, पोरीला नवा स्वेटर पाठवू का, आणि मी पाठव म्हणतो.

दोन ओळी लिही. रागावून लिहिल्यास तरी चालतील. पत्र मिळालं एवढंच लिही.

मामा

०

१९ मार्च

प्रिय मामा,

पत्र १५ तारखेला मिळालं. फाटकावरचा हवालदार जेवणघरात धापा टाकत आला, पाकीट माझ्या ताटाशेजारी ठेवलं आणि म्हणाला, "मी काही वाचलेलं नाही. पण तुम्ही लवकर वाचा."

वाचलं. मग बाईंच्या दाराबाहेर बाकावर बसले. किती वेळ ते ठाऊक नाही. आतून बाईंचा हसण्याचा आवाज येत होता. मनात येत होतं, कदाचित किंचितच कच्चं असेल. कदाचित चालूनही जाईल. चारातली दोन पेटली तरी पुरे असं कागदावर आहे. मामा, मी तिथे बसून त्या माणसाच्या जिवाची वजाबाकी करत होते. हे तुमच्याशिवाय कुणाला सांगणार नाही.

मग शिपाईकाका म्हणाले, "आत जायचंय की बाक राखायचंय?" तेव्हा उठले.

बाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी विचारलं, "एरंडेल कुणाच्या सांगण्यावरून?"

"कुणाच्या नाही. मलाच सुचलं."

"आणि हे आज कसं कळलं?"

"बोटाला चिकट लागलं होतं, ते आठवलं."

बाई फोन उचलून म्हणाल्या, "कुपी उघडा."

त्याच दिवशी चारही काढली. लांबून चालणाऱ्या करवतीने एक उभं कापलं, आम्ही भिंतीआडून काचेतून पाहिलं. आतला थर बोटाच्या पेराएवढा कच्चा. एका बाजूला ओघळून वाट अर्धी बुजली होती, आणि कुपी तर अजून जागेवरून हललीही नव्हती. करवत चालवणारे आमचे फोरमन कधी गप्प बसत नाहीत. त्यांनी नुसती टोपी काढली आणि डोकं खाजवत राहिले.

उड्डाण पुढे ढकललंय. माझी चौकशी चालू आहे. ओतशाळेचा पास काढून घेतलाय, सध्या जुने कागद लावत बसते. तीन दिवस लिहायची परवानगी नव्हती.

तुम्ही इकडे काही लिहू नका. तुमचं नाव यात नाही, ते तसंच राहू द्या. एकतीस वर्षांत तुमच्या नावावर एकही डाग नाही असं आई नेहमी सांगते.

मागच्या पत्रात मी रागावले होते. विसरा.

भिंगरी

०

२७ मार्च

विभागप्रमुख बाई यांना नमस्कार.

आपली ओळख नाही. आपल्याकडे जी मुलगी नळकांडी ओतत होती तिचा मी मामा. तिने आपल्याला सांगितलं की एरंडेल तिचं तिलाच सुचलं. ती खोटं बोलली. तिला ते मी ४ फेब्रुवारीच्या पत्रात सांगितलं, आणि आपल्याला विचारू नको असंही मीच बजावलं. पत्र तिच्याकडे असेल, मागून घ्या. आपल्या फाटकानेही ते वाचलेलं आहे.

मला पदवी नाही. हाताने शिकलो, हाताने शिकवलं. जुना हात नव्या मिश्रणात घालू नये एवढं मला कळायला हवं होतं. शिक्षा काय असेल ती मला लावा. पेन्शनीतून काही कापता येत असेल तर तसं करा. पोरीला ओतशाळेतून काढू नका. तिच्या बोटाला चिकट लागलं आणि तिने ते लपवलं नाही, हे मला फार वाटतं.

आपला,
एक निवृत्त ओतकामगार

०

६ एप्रिल

स. न.

आपलं पत्र मिळालं. आपल्या भाचीने तिचं खोटं माझ्यासमोर साडेतीन मिनिटं सांभाळलं. तिला खोटं बोलता येत नाही. हे आपण तिला शिकवलेलं नाही याबद्दल आभारी आहे.

चौकशीच्या कागदावर "कारण" या शब्दापुढे एक ओळ असते. आपण दोघेही तिथे आपापलं नाव मागता आहात. मी तिथे माझं लिहिलं आहे. चांगलं दिसतं ते उड्डाणाला आणि डाग असलेलं चाचणीला, हा निवाडा माझा होता. चारांतलं कुठलंही एक उचलून चाचणीला लावलं असतं तर फेब्रुवारीतच सगळं उघडं पडलं असतं. वीस वर्षं आम्ही हेच करत आलो. आता चिठ्ठ्या टाकून निवडतो.

मुलगी सोमवारपासून ओतशाळेत परत येईल. वर्षभर तिच्या सहीखाली दुसऱ्याची सही लागेल. तिने ते मान्य केलं आहे.

आपल्याला शिक्षा हवी आहे, तर ही घ्या: ओतशाळेत आपण जे जे हाताने करत होता आणि जे कुठल्याही पुस्तकात नाही, ते सगळं लिहून मला पाठवा. चांगलं, वाईट, हास्यास्पद, सगळं. आमच्या इथे आणखी किती भाचे-भाच्या कुणाकुणाच्या मामांचं ऐकून काय काय करत आहेत, ते मला माहीत नाही आणि त्याने माझी झोप उडाली आहे.

विभागप्रमुख

०

२९ एप्रिल

प्रिय मामा,

वर्तमानपत्रात आलंच असेल. काल कुपी ठरल्या जागी उतरली.

नवी पाच मी ओतली, खाली फोरमनची सही. दांड्याला नवा फवारा मारला होता. चिठ्ठी टाकून चाचणीला एक गेलं, ते नेमकं सगळ्यांत सुंदर होतं. माझा जीव तुटला, पण गेलं.

मला नियंत्रण कक्षात जागा नव्हती. मी, फोरमन आणि हवालदार, तिघं कँटीनमधल्या स्पीकरखाली उभे होतो. कुपी जाळात शिरली आणि स्पीकर खरखरायला लागला. मग तेही थांबलं. फोरमन पुटपुटत आकडे मोजत होते. हवालदार म्हणाला, "मोजू नका हो." मग खट् झालं आणि एकदम त्याचा आवाज आला, अगदी कंटाळलेला: "ऐकतोय. कुठे जाऊ?" आणि खालून सांगायला लागले, डावीकडे, अजून डावीकडे. शेवटी बास म्हणाले. फोरमन खुर्चीवर न बसता जमिनीवरच बसले.

आज दुपारी तो ओतशाळेत आला. चालताना जरा झुकत होता. बाईंनी त्याला सगळं सांगितलेलं होतं. मला म्हणाला, "ते कापलेलं दाखवा."

जुन्याचा एक तुकडा नमुना म्हणून काचेच्या पेटीत ठेवलाय. दाखवला. त्याने बराच वेळ वाकून पाहिलं.

"हे बसवून गेलो असतो तर?"

"वायू उशिरा आला असता," मी म्हटलं. खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "बाईंच्या हिशेबाने दीड मिनिट उशिरा."

"म्हणजे नेमकं माझं दीड मिनिट."

मी मान हलवली. तुमचं सांगायला तोंड उघडलं, पण त्याने हात वर केला आणि मनगटावरच्या घड्याळाकडे पाहायला लागला. मला आधी कळेचना. मग कळलं, तो ते दीड मिनिट मोजत होता. फोरमनला कळलं, त्यांनी मिक्सर बंद केला. बाई दारात होत्या, त्या तिथेच थांबल्या. कुणी हललं नाही, मामा. पंख्याचा आवाज येत होता. दूर कुठेतरी गाडी मागे घेत होते. मला वाटलं आता झालं असेल, चोरून घड्याळाकडे पाहिलं, तर निम्मंही झालं नव्हतं. तो तसाच उभा, श्वाससुद्धा बेताने घेत.

शेवटी त्याने हात खाली घेतला.

"नाही," तो म्हणाला. "एवढं मला निभलं नसतं."

आणि मला म्हणाला, "चला, आता नवी कुठे ओतता ते दाखवा."

भिंगरी